माळव्यातील एक भूमिशाळा

इंदूर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे होळकरांची राजधानी उभी राहते. परंतु केनिया व कोस्टारिकासारख्या दूरच्या देशांतील कॉफीच्या मळ्यांत या नगरीचे नाव पोहोचले ते निराळ्याच कारणाने. पालापाचोळा व शेण यांपासून सकस खत करण्याच्या एका रीतीस कृषिशास्त्रात ‘इंदूर पद्धती’ असे नाव आहे. तिचा इतिहास हा भूमिसेवेच्या शिक्षणाचा इतिहास होय.

१९०५ साली अल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ सरकारी नोकरीनिमित्त बिहारमधील पुसा येथे आले. आसपासच्या रयतेची पिके कोणत्याही औषधावाचून निरोगी राहतात, हे त्यांनी पाहिले आणि शिकवावयास आलेला हा पंडित स्वतःच विद्यार्थी झाला. शेतकरी व पिकांवरील कीड या दोहोंना ते आपले गुरू मानीत. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल या स्वतः विदुषी असून संशोधनात त्यांच्या बरोबरीच्या सहकारी होत्या.

जमीन, पीक, जनावर व मजूर यांचा एकत्र विचार व्हावा, या हेतूने १९२४ साली इंदुरास ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ स्थापन झाली. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली. मध्यवर्ती कापूस समिती व मध्य भारतातील संस्थाने यांनी द्रव्यसाहाय्य केले. माळव्याची काळी जमीन पावसाळ्यात चिबडते आणि वाहत्या पाण्याबरोबर तिची सुपीक माती निघून जाते. म्हणून पाण्याला शिस्त लावणे आणि मातीतील सेंद्रिय अंश वाढविणे, ही दोन्ही कामे तेथे एकाच साधनेची अंगे ठरली.

खताच्या कृतीत गूढ असे काहीच नव्हते. कपाशीच्या व तुरीच्या टणक पळकाट्या गाडीवाटेवर पसरीत. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होई. गोठ्यातील गोमूत्राने भिजलेली माती, शेण, राख व हा काडीकचरा यांचे थर उथळ खड्ड्यात रचून वर पाणी शिंपीत. आत हवा खेळावी म्हणून थर तुडवीत नसत. तीन वेळा उलथापालथ केली की सुमारे तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत तयार होई. चिनी शेतकऱ्यांची जुनी परंपरा, आपल्याकडील अनुभव आणि प्रयोगशाळेतील परीक्षण यांचा हा संगम होता.

१९३१ साली हॉवर्ड यांनी संस्थेतील रसायन सहायक यशवंत वाड यांच्यासह ही पद्धती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली व त्याच वर्षी भारत सोडला. आदल्याच वर्षी गॅब्रिएल निवर्तल्या होत्या. १९३५ साली महात्मा गांधींनी ही संस्था पाहिली आणि आपल्या ‘हरिजन’ पत्रातून या खताकडे लोकांचे लक्ष वेधले. हॉवर्ड यांचे नाव जगात गाजले; वाड यांचे मात्र ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच राहिले, ही खेदाची गोष्ट होय.

त्याहून मोठा खेद असा की, जी रीत समुद्रापार गेली ती शेजारच्या खेड्यांत म्हणावी तशी रुजली नाही. सरपणाच्या अभावी शेण चुलीत जळत राहिले; खड्डा उलथण्याचे श्रम जड वाटले; पुढे पोत्यातून आलेल्या रासायनिक खताने ते श्रम वाचविले, पण मातीची भूक भागविली नाही. त्या संस्थेच्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे आणि वाढते शहर त्याच्या कुंपणाशी येऊन भिडले आहे.

ग्रंथातील ज्ञान कपाटात सुरक्षित राहते, परंतु हातचे कसब एका पिढीने टाकले की पुढच्या पिढीस ते नव्याने शोधावे लागते. ज्या मठाच्या आवारात गोशाळा आहे आणि वृक्षांचा पाला पडतो, तेथे या विद्येचे सारे साहित्य सिद्धच आहे. उणीव असलीच तर एका उथळ खड्ड्याची आणि तीन महिने त्याची निगा राखणाऱ्या चार तरुण हातांची.