वृद्धाश्रम कुणासाठी सुरू झाले?

वृद्धाश्रम म्हटलं की ठरलेला डायलॉग येतो: पोरं शिकली, अमेरिकेला गेली, आईबापाला वाऱ्यावर सोडलं. मी यवतमाळ जिल्ह्यातला, पुण्यात बसून कोड लिहितो. म्हणजे आरोपींच्या यादीत मी आलोच! पण इतिहास काढून बघितला तर हा आरोप नीट बसत नाही. आपल्याकडे म्हाताऱ्यांसाठी घरं आयटीच्या कितीतरी आधी आली, आणि ती आली गरिबीमुळे.

पुण्यात 1860 च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अनाथ पंगू गृह उभं राहिलं. ससून म्हणजे बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी, ज्यांच्या नावाचं हॉस्पिटल आहे तेच. आज ही जागा 'निवारा' म्हणून ओळखली जाते. नाव बघा: अनाथ, पंगू. 'वृद्ध' हा शब्दच नाही. ज्याला कुणी नाही आणि ज्याचं शरीर चालत नाही, त्याच्यासाठी ही जागा. तेव्हा म्हातारं होईपर्यंत जगणारेच कमी होते.

महाराष्ट्र राज्य झालं 1960 ला, आणि 1963 मध्ये सरकारने संस्थांना वृद्धाश्रमासाठी अनुदान द्यायची योजना आणली. पुरुष 60 वर्षांचा, बाई 55 वर्षांची, आणि निराधार. पुढे 1995 मध्ये युती सरकारने 'मातोश्री' वृद्धाश्रम काढले, त्यात पैसे भरून राहणाऱ्यांचीही सोय केली. 2000 नंतर पुण्यात 'अथश्री'सारख्या सोसायट्या आल्या. तिथे ज्येष्ठ मंडळी स्वतःच्या पैशाने फ्लॅट घेतात. आपल्या डायलॉगमधली अमेरिकेची पोरं या गोष्टीत इतक्या उशिरा येतात.

आता आमच्याकडे या. आर्णी तालुक्यात उमरी पठारला संत दोला महाराज वृद्धाश्रम आहे. पुण्याचा ज्येष्ठ तिथे फ्लॅट बघायला येणार नाही. 2011 च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या 27 लाखांच्या वर होती. कोरडवाहू कापसाचा जिल्हा, शेतकरी आत्महत्यांमुळे देशाला माहीत झालेला. कर्ता मुलगा गेला की घरात सून, लेकरं आणि बुढा-बुढी उरतात. इथे कुणी कुणाला सोडलेलं नसतं. सांभाळणारा माणूसच उरलेला नसतो.

यासाठी कायदा आहे का? आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीचा 2007 चा कायदा. त्याचं कलम 19 म्हणतं की राज्याने गरीब ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम काढावेत, सुरुवातीला प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान 150 जणांचा. वाचायला भारी वाटतं. पण मूळ इंग्रजीत शब्द 'मे' आहे, 'शॅल' नाही. म्हणजे सरकार काढू शकतं, काढलंच पाहिजे असं नाही. आमच्या धंद्यात एखादं फील्ड ऑप्शनल ठेवलं की लोक ते रिकामंच सोडतात, हे कुठल्याही डेव्हलपरला विचारा.

मला त्याहून जास्त खटकते ती चरितार्थाची व्याख्या. अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार. चार गोष्टी, आणि चारही पैशाने विकत मिळतात. पण ऐंशीच्या म्हातारीला लागतं काय? सकाळी कुणीतरी आंघोळीचं पाणी काढून द्यावं, पाय घसरू नये म्हणून हात धरावा. बीपीची गोळी आज घेतली की काल, ते लक्षात ठेवावं. पायाची नखं कापावी. रात्री दोनला उठून संडासला न्यावं. हे सगळं आजवर सुनेने केलं, बिनपगारी, म्हणून ते 'काम' आहे हेच कुणी कागदावर लिहिलं नाही. वृद्धाश्रमात हेच करायला माणूस ठेवला की त्याचा पगार द्यावा लागतो, आणि मग अनुदान पुरत नाही.

2019 मध्ये लोकसभेत या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आलं होतं. घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांसाठी नियम करायचं त्यात होतं. ते समितीकडे गेलं आणि ती लोकसभा संपेपर्यंत मंजूर झालं नाही. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला मिळणारे पैसे मात्र 2023 मध्ये 1000 वरून 1500 झाले. दिवसाचे 50 रुपये. त्यात गोळ्या येतील कदाचित, रात्री दोनला उठणारा माणूस येत नाही.