गर्भपिशवीचं तोंड आणि मागच्या खेपेचा प्रश्न

बुलढाण्यात हा विषय मांडायचा, तर घरातल्याच एका समजुतीपासून सुरुवात करू. सातव्या महिन्यातलं लेकरू जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं आपण आजीकडून ऐकत आलो. खरं तर उलट आहे. पोटात जितके आठवडे जास्त, तितकं बाळ तगण्याची शक्यता जास्त. पण बायका महिने मोजत होत्या, एवढं त्यातून दिसतं. दवाखाने मात्र बराच काळ वजन बघायचे. बाळ अडीच किलो किंवा त्याहून कमी भरलं, की ते अपुऱ्या दिवसांचं. हे दोन गट वेगळे धरा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 1961 मध्ये सांगितलं.

अपुऱ्या दिवसांची कळ आधी ओळखता येईल का? या प्रश्नाच्या इतिहासात एक आपला माणूस आहे. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, मूळचे गोव्याचे, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. काही बायकांचा गर्भ चौथ्या ते सातव्या महिन्यात पुन्हा पुन्हा पडतो आणि विश्रांती, औषधं कशाचाच उपयोग होत नाही, हे त्यांनी पाहिलं. दोष त्यांना गर्भपिशवीच्या तोंडाच्या कमकुवतपणात सापडला. ते तोंड आवळून धरणाऱ्या टाक्याची पद्धत त्यांनी 1955 मध्ये प्रसिद्ध केली. 'शिरोडकर टाका' आज जगभर माहीत आहे. पण टाका कुणाला घालायचा, हे ठरायचं हाताच्या तपासणीवर आणि एका साध्या प्रश्नावर: बाई, मागच्या खेपेला काय झालं?

पुढे फ्रान्समध्ये पापिएर्निक यांनी 1969 च्या सुमारास धोक्याचं गुणपत्रक केलं. वय, आधीची बाळंतपणं, अंगमेहनत, अगदी लिफ्टविना चढायचे जिनेसुद्धा त्यात आले. (आपल्याकडे जिन्यांऐवजी डोक्यावरचा हंडा आणि कापसाचं ओझं मोजावं लागलं असतं!) पण पहिलटकरणीला मागची खेपच नसते, तिथं हे गुणपत्रक लंगडं पडायचं. मग सोनोग्राफी आली. 1996 मध्ये अमेरिकेत सुमारे 2,900 गर्भवतींची गर्भाशयमुखाची लांबी आतून मोजली गेली. लांबी कमी तसा धोका वाढता, असं दिसलं. तेव्हापासून 25 मिलिमीटर हा आकडा डॉक्टरांच्या तोंडी बसला.

आधी कळल्याचा फायदा काय? लिगिन्स आणि हॉवी यांनी 1972 मध्ये न्यूझीलंडमधून दाखवलं, की वेळेआधी प्रसूती होणार असेल तर आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिल्यानं बाळाच्या फुप्फुसांना मदत होते. पण त्यासाठी बाई वेळेत दवाखान्यात हवी. संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून ती कळा सुरू झाल्यावर निघाली, तर उशीर झालेला असतो.

2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची खास तपासणी होते, जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल खूण लागते. चांगली सोय आहे. मात्र शिरोडकरांचा तो जुना प्रश्न इथं अडतो, असं आम्हांला वाटतं. सासू शेजारी उभी असताना पडलेला गर्भ कोणती सून सांगेल? आणि पहिल्या बाळंतपणाला पोरगी माहेरी जाते, तेव्हा कार्ड पुष्कळदा सासरच्या पेटीतच राहतं. आशाताई तिला एकटीला ओसरीवर घेऊन बसली आणि निघताना कार्ड पिशवीत टाकलंस का म्हणून विचारलं, तर तेवढ्यानं लाल खूण तिच्यासोबत माहेरच्या दवाखान्यापर्यंत पोचते.