पिंपळीची वेल

हिंगोलीहून वाशीमकडे जातांना वाटेंत कनेरगांव नाका लागतो. गांवाच्या नांवांतला ‘नाका’ हा शब्द जुन्या सीमेची आठवण देतो. 1853 सालीं निजामानें वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभाराखालीं दिला आणि एका भाषेचीं दोन घरें निरनिराळ्या राजवटींत वांटलीं गेलीं. तीं पुन्हा एका राज्यांत आलीं तीं 1956 सालीं. परंतु या सीमेच्या दोन्ही अंगांस, मराठी घरांतल्या आजीबाईच्या बटव्यांत, एक वस्तु सारखीच सांपडत आली आहे. ती काळपट, खरखरीत, तुतीच्या लहानशा वाळल्या फळासारखी दिसते. तिला पिंपळी म्हणतात. मधांत उगाळून खोकल्यावर चाटविलेली पिंपळी पुष्कळांना आठवते. पण ती कोणत्या झाडाला लागते असें विचारलें, तर बहुतेक सुशिक्षित माणूस पिंपळाच्या पाराकडे बोट दाखवील.

पिंपळाशीं तिचें कांहीं नातें नाहीं. पिंपळी ही वेल आहे. नागवेलीच्या आणि मिऱ्याच्या कुळांतली, त्यांची सख्खी बहीण. तिन्ही बहिणींचीं पानें हृदयाकृति. परंतु एकीचें पान प्रसिद्ध झालें, दुसरीचें फळ, आणि तिसरी मागें राहिली. वास्तविक मानाचें पहिलें पान तिचें होतें.

अथर्ववेदाच्या सहाव्या कांडांत पिप्पलीवर एक स्वतंत्र सूक्त आहे आणि तिची तेथील ख्याति जखमेवरील औषधी म्हणून आहे. आयुर्वेदांत सुंठ, मिरें आणि पिंपळी मिळून त्रिकटु होतें. चरकसंहितेंत पिप्पलीचे रसायनप्रयोग सांगितले आहेत. तसेंच पिप्पली, क्षार आणि लवण हीं तीन द्रव्यें अतिप्रमाणांत सेवन करूं नयेत, असा स्पष्ट इशाराही त्याच ग्रंथांत दिला आहे. स्तुति आणि सावधगिरी शेजारीं शेजारीं ठेवण्याची ही रीत लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या सागरी व्यापाराचें वर्णन लिहून ठेवलें. ‘पेरिप्लस’ या नांवानें तें प्रसिद्ध आहे. भडोच बंदरांतून परदेशीं जाणाऱ्या मालाच्या यादींत त्यानें लांब मिऱ्याचा, म्हणजे पिंपळीचा, उल्लेख केला आहे. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचें तेर, असेंही तो सांगतो. या दोन गांवांहून गाड्यांवर येणारा माल म्हणून तो मौल्यवान दगड आणि सुती कापड यांची नोंद करतो. अर्थात् पिंपळीचा माल कोणत्या वाटेनें येई हें तो लिहीत नाहीं. परंतु ज्या बंदराशीं मराठवाडा गाडीवाटेनें जोडला होता, त्याच बंदरांतून ती पश्चिमेस जात होती, एवढें निश्चित.

रोममध्यें तिचा भाव काय होता, हें प्लिनीनें लिहून ठेवलें आहे. काळें मिरें एका पौंडास चार दीनार, पांढरें सात, आणि पिंपळी पंधरा दीनार! नांवाच्या बाबतींतही मान तिचाच. ‘पिप्पली’ या शब्दापासून ग्रीकांचा ‘पेपेरी’ झाला, त्यापासून लॅटिन ‘पायपर’, आणि पुढें इंग्रजीतला ‘पेपर’. आज जगभर मिऱ्याला जें नांव आहे, तें मूळचें पिंपळीचें.

एवढी महाग वस्तु, पण ती वाढते कशी याची मात्र खरीदणाऱ्यास कल्पना नव्हती. पिंपळी म्हणजे मिऱ्याची न उकललेली शेंग, अशी प्लिनीची समजूत होती. ही समजूत युरोपांत शतकानुशतकें टिकली. 1563 सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या संवादग्रंथांत गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें मिऱ्याचें झाड निराळें आणि पिंपळीचें निराळें, असें स्पष्ट सांगितलें. दूर बसून तर्क करणाऱ्या पंडितापेक्षां या देशांत राहून चौकशी करणाऱ्या वैद्याला अधिक कळलें, यांत नवल नाहीं.

परंतु ओर्ताच्याच काळांत तिचे दिवस फिरले होते. मलबारचें काळें मिरें समुद्रमार्गें मोठ्या प्रमाणांत आणि स्वस्त मिळूं लागलें. त्यापाठोपाठ अमेरिकेंतून आलेली मिरची पोर्तुगीजांमार्फत हिंदुस्थानांत पोंचली. मिरची कोणत्याही परसांत येते, बियांपासून उगवते आणि थोड्या महिन्यांत पीक देते. तिच्यापुढें पिंपळीचा टिकाव लागला नाहीं. युरोपच्या स्वयंपाकघरांतून ती जवळजवळ नाहींशी झाली आणि आपल्याकडे रोजच्या जेवणांतून निघून औषधाच्या डबींत गेली.

तरीही ती महाराष्ट्रांतून नाहींशी झाली नाहीं, याचें श्रेय वऱ्हाडांतल्या बारी समाजाच्या मळेकऱ्यांना आहे. सातपुड्याच्या पायथ्याशीं अकोट आणि अंजनगांव सुर्जी या भागांत पानमळ्यांचा वारसा जुना आहे, आणि तेथेंच ही वेल ‘पानपिंपळी’ या नांवानें लावली जाते. खरें पाहतां ही ओलसर, दाट रानांत सांवलींत वाढणारी वेल. आणि वऱ्हाडांत उन्हाळ्याचा पारा 45 अंशांवर चढतो. म्हणून मळेकरी आधीं सांवली तयार करतो. पांगरा, शेवरी अशीं झाडें लावून त्यांच्या छायेखालीं, निचऱ्याच्या आणि भरपूर शेणखत घातलेल्या जमिनींत, वेलीचे तुकडे लावतो. उन्हाळाभर पाणी तुटूं द्यावयाचें नाहीं, आणि पाणी सांचूंही द्यावयाचें नाहीं. कणसें हिरवीगार, टणक असतांनाच खुडावीं लागतात. पिकून मऊ झालीं कीं त्यांचा तिखटपणा उतरतो. मग तीं उन्हांत वाळवितात. जुन्या वेलीचीं मुळेंही वायां जात नाहींत. तींच बाजारांतलें पिंपळमूळ.

या तिखटपणाचें द्रव्य, पायपरीन, 1819 सालीं ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञानें मिऱ्यांतून वेगळें केलें. 1998 सालीं बंगलोरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयांतील संशोधकांनीं असें दाखविलें कीं, हळदींतील कर्क्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पायपरीन दिलें असतां माणसाच्या शरीरांत कर्क्युमिनचें शोषण सुमारें वीस पटींनीं वाढतें. जें द्रव्य दुसऱ्या द्रव्याचा प्रभाव इतका वाढवितें, तें नेमस्तपणेंच घ्यावें. चरकाचा इशारा येथें सहजच आठवतो.

पिंपळीच्या वेलींत नर निराळा आणि मादी निराळी असते. कणसांसाठीं मादीवेलीचाच तुकडा लावावा लागतो, आणि म्हणून बियांवर कोणी विसंबत नाहीं. याचा अर्थ असा कीं, आजच्या मळ्यांतली वेल ही कालच्या मळ्यांतल्या वेलीचाच अंश. परवांच्या वेलीचाही तोच. ज्वारीचें बियाणें कणगींत घालून एखादें अवर्षण काढतां येतें. ही वेल कणगींत ठेवतां येत नाहीं. विहीर एका उन्हाळ्यांत आटली आणि मळा वाळला, तर पिढ्यान् पिढ्या हातोहात आलेली ती परंपरा त्या जागीं संपते. आणि विहिरींचें पाणी तर वर्षानुवर्षें खोलच चाललें आहे.

कनेरगांवासारख्या गांवीं किंवा शहरांतल्या घराच्या मागल्या अंगणांत तिची शेती होणार नाहीं. परंतु हादग्याच्या किंवा पेरूच्या सांवलींत, मोरीच्या ओलाव्याजवळ, दोनतीन पेऱ्यांचा एक तुकडा पावसाळ्याच्या आरंभीं लावणें कोणासही कठीण नाहीं. ज्या घरांत मुलाला पिंपळी चाटवितात, त्या घरांतल्या मुलाला तिची वेलही ओळखतां यावी. मळा वाळलाच, तर मळेकऱ्याला पुन्हा एक तुकडा मागावयास तेवढें एक दार उघडें राहील.