कोठीची किल्ली

आपल्या ग्रुपवर वाड्यांच्या, संस्थानी दिवसांच्या, आजोळच्या आठवणी भरपूर येतात. माझी आजची आठवण त्या मानाने अलीकडची आणि जरा कोरडी आहे. पण मागच्या बैठकीत काकांनी विचारलं होतं, "तो तुझा कन्व्हर्टर तुझ्यामागे कोण बघणार?" तेव्हा चहा आला आणि उत्तर राहिलं. ते आता देते. लांबेल, सांभाळून घ्या.

इंदूरच्या आमच्या मंडळाच्या १९९०च्या दशकातल्या स्मरणिका जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. त्या फॉन्टमध्ये देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असायचे, त्यामुळे आज फाइल उघडली की नुसता कचरा दिसतो. तो मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा प्रोग्राम मी २०१५ साली पायथॉनमध्ये लिहिला. ग्वाल्हेरच्या आणि बडोद्याच्या ओळखीच्यांनी मागितला, म्हणून तो 'पायपीआय'वर टाकला. पायपीआय हे पायथॉनच्या पॅकेजांचं सार्वजनिक भांडार, २००३ पासूनचं. 'पिप' नावाच्या हत्याराला एक ओळ सांगितली की ते तिथून हवं ते पॅकेज तुमच्या कॉम्प्युटरवर आणून बसवतं.

ही भांडाराची कल्पना त्याहून जुनी. पर्ल भाषेवाल्यांनी १९९५ साली 'सीपॅन' सुरू केलं. तिथे लेखकाने आपलं गाठोडं स्वतः बांधायचं आणि 'पॉज' नावाच्या सर्व्हरवर आपल्या खात्यातून चढवायचं. पुढे कितीतरी भाषांनी हीच पद्धत उचलली. बांधणारा, चढवणारा आणि किल्ली सांभाळणारा माणूस एकच, तोही आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर बसलेला. वर्षानुवर्षं जगाचं सॉफ्टवेअर असंच पोचत होतं.

हाताने चढवण्यात काय होतं ते मी अंगावर घेतलंय. पहिल्या आवृत्तीत अक्षरांच्या जोड्यांचा तक्ताच गाठोड्यात घालायला विसरले. माझ्याकडे सगळं सुरळीत, कारण तक्ता माझ्या लॅपटॉपवर होताच. बडोद्याहून फोन आला तेव्हा कळलं. पायपीआयवर एकदा वापरलेलं फाइलचं नाव पुन्हा चालत नाही, म्हणून दोन दिवसांत तीन आवृत्त्या काढाव्या लागल्या. पण खरी फजिती २०१६ची. पासवर्ड विसरू नये म्हणून मी तो एका फाइलमध्ये लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवला होता, आणि घाईत अख्खं फोल्डर बांधून चढवलं. चार दिवसांनी एका अनोळखी माणसाची मेल आली: तुमचा पासवर्ड तुमच्याच पॅकेजमध्ये आहे, आधी बदला. त्याच्या मनात आलं असतं तर माझ्या नावाने काहीही चढवता आलं असतं, आणि तिन्ही गावच्या मंडळींनी ते माझं म्हणून बसवून घेतलं असतं. त्या रात्री झोप लागली नाही.

रामबागेतल्या आमच्या घरी कोठीची किल्ली आजीच्या कमरेला असायची. ती माहेरी गेली की किल्ली खुंटीला. खुंटी कुठे आहे हे मात्र अख्ख्या आळीला ठाऊक.

याच सुमाराला लोकांनी हे काम यंत्राकडे द्यायला सुरुवात केली होती. आपण कोडवर नव्या आवृत्तीची खूण लावायची. दूरवरचा एक सर्व्हर कोरं वातावरण घेऊन चाचण्या चालवतो, पॅकेज बांधतो आणि भांडारात चढवतो. माझा विसरलेला तक्ता अशा ठिकाणी लगेच पकडला गेला असता, कारण तिथे माझा लॅपटॉप नसतो. डेबियनसारख्या जुन्या प्रकल्पानेही २०१९ साली ठरवलं की पुढच्या आवृत्तीत जाणारी पॅकेजं लेखकाच्या कॉम्प्युटरवर बांधलेली चालणार नाहीत. लेखकाने मूळ कोड द्यायचा, बांधणी प्रकल्पाची यंत्रं करतील.

मला तेव्हा वाटलं, कटकट सोडवण्यासाठी चाललंय. यात त्याहून मोठं काही आहे, हे २०२४च्या मार्चमध्ये पटलं. लिनक्सवर जवळजवळ सगळीकडे असणाऱ्या 'एक्सझेड' नावाच्या पॅकेजमध्ये मागचं दार सापडलं. दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवलेल्या, 'जिया टॅन' असं नाव लावणाऱ्या कोणीतरी ते ठेवलं होतं. युक्ती अशी, की मागचं दार उघडणारी कळ सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हतीच. ती होती फक्त त्याने बांधून दिलेल्या गाठोड्यात. कोड वाचणाऱ्याला काही दिसलं नसतं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला दुसऱ्या कॉम्प्युटरवर लॉगिन करताना साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा राग आला, त्याने खोदून पाहिलं, म्हणून निभावलं. दिसणाऱ्या कोडपासून यंत्राने सर्वांसमक्ष गाठोडं बांधलं असतं, तर निदान ही फट राहिली नसती.

पण यंत्राला चढवायला लावायचं म्हणजे किल्ली त्याच्या हाती द्यायची. म्हणजे टोकन नावाची एक लांबलचक अक्षरमाला, जी जवळ असेल तो तुमच्या नावाने चढवू शकतो. चोर माणसांचा नाद सोडून टोकनांच्या मागे लागले. जुलै २०१८ मध्ये 'ईएसलिंट-स्कोप' नावाच्या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या एका सांभाळकर्त्याचा दुसरीकडेही वापरलेला पासवर्ड चोरांना मिळाला. त्यांनी चढवलेली बनावट आवृत्ती, बसवून घेणाऱ्यांची टोकनं गोळा करत होती. 'एनपीएम' भांडाराला त्याआधीची सगळी टोकनं रद्द करावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच भांडारात तर किडाच शिरला. सापडलेल्या टोकनाने तो स्वतःच त्या लेखकाच्या बाकीच्या पॅकेजांत शिरून नव्या आवृत्त्या चढवायचा. शेकडो पॅकेजं बाधित झाली. चढवण्याचं यंत्र चोरांनीही केलं, म्हणा ना.

यावरचा तोडगा पायपीआयने एप्रिल २०२३ मध्ये आणला, आणि मला तो फार आवडतो. किल्ली ठेवायचीच नाही. आधी पायपीआयला सांगून ठेवायचं, अमुक ठिकाणच्या कोडचं अमुक काम चालेल तेव्हाच दार उघड. ते काम सुरू झालं की जिथे चालतंय ती सेवा सही करून लिहून देते, हा तोच. पायपीआय सही तपासतं आणि पंधरा मिनिटांपुरतं टोकन देतं. खुंटीवर काही उरत नाही. जुलै २०२५ मध्ये एनपीएमनेही हीच सोय आणली.

तरी डिसेंबर २०२४ मध्ये 'अल्ट्रालिटिक्स' या चित्र ओळखणाऱ्या, खूप वापरल्या जाणाऱ्या पॅकेजचं काय झालं ते वाचून मी हातातला कप खाली ठेवला. तिथे ही बिनकिल्लीची व्यवस्था होती. चोराने कोडच्या शाखेच्या नावातच आज्ञा लिहिली, बांधणीच्या यंत्राने ती मुकाट पाळली, आणि बनावट आवृत्ती रीतसर सहीशिक्क्यानिशी बाहेर पडली. वापरणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर क्रिप्टोचं खाणकाम सुरू. ते निस्तरेपर्यंत दुसरा हल्ला, आणि तो कशाने? बिनकिल्लीच्या आधीच्या काळातलं, रद्द करायचं राहून गेलेलं एक जुनं टोकन.

मी त्याच संध्याकाळी माझं खातं उघडलं. तीन टोकनं निघाली. एक भंगारात दिलेल्या लॅपटॉपचं. एक कशाचं ते आठवेना. तिसरं मीच २०२० मध्ये भाचीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं, "जरा बघ गं चालतंय का" म्हणून. तिन्ही रद्द केली.

तर काका, उत्तर असं. आता कन्व्हर्टरची किल्ली कोणाकडेच नाही, माझ्याकडेही नाही. बांधणं, तपासणं, चढवणं यंत्र करतं. फक्त शेवटच्या पायरीआधी ते थांबतं आणि माणसाच्या होकाराची वाट बघतं, एवढं मी मुद्दाम ठेवलंय. होकार द्यायचा अधिकार मला आणि बडोद्याच्या भाचीला आहे, आणि पायपीआयवर मालक म्हणून आता तिचंही नाव आहे. परवा जोडाक्षरांची दुरुस्ती पहिल्यांदा तिच्याकडून गेली. बटण समोर असूनही तिने आधी फोन केला: "मावशी, बदललेल्या ओळी तू वाचल्यास ना? मी दोनदा वाचल्या. दाबू?"

मी म्हटलं थांब, चश्मा घेते.