घोड्याने मोडलेले दोन रकाने

वयात येण्याचा धडा शिकवताना आपण फळ्यावर दोन रकाने आखतो : पुरुषांची संप्रेरके आणि स्त्रियांची संप्रेरके. हे रकाने कसे तयार झाले ते पाहू.

१८४९ साली जर्मनीत गटिंगन येथे बर्टहोल्ड यांनी कोवळ्या कोंबड्यांचे वृषण काढले. त्यांचे तुरे वाढले नाहीत. पण काहींच्या पोटात वृषण पुन्हा बसवताच ते नेहमीसारखे आरवू लागले. म्हणजे वृषणातून रक्तात काहीतरी उतरत होते. १९२९ साली गरोदर स्त्रियांच्या लघवीतून इस्ट्रोन वेगळे केले गेले आणि 'स्त्री'चा रकाना पक्का झाला. मात्र १९३४ साली त्सोंडेक यांना हेच स्त्री-संप्रेरक भरपूर सापडले, तेही चक्क नर घोड्याच्या लघवीत!

आज आपण जाणतो, दोन्ही संप्रेरके प्रत्येक शरीरात असतात, फरक प्रमाणाचा. म्हणूनच वयात येताना कित्येक मुलग्यांची छाती काही काळ फुगते, दुखते आणि बहुधा आपोआप ओसरते. हे कुणी सांगितले नाही तर मुलगा सदरा काढायला लाजतो, ओठांवर लव आलेली मुलगी तोंड झाकते. रकान्यांत न बसणारे मूल तर गप्पच राहते. म्हणून हा धडा सर्वांना एकत्र बसवून शिकवूया.