दोन भिंतींमधली वाट

आमच्या जवाहरनगरला भिंतीचं महत्त्व शिकवावं लागत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या या गावात 1960च्या दशकात आयुध निर्माणी आली. स्फोटकांच्या कारखान्यात इमारती लांब लांब बांधतात, मध्ये मातीचे बांध घालतात. एकीकडचं संकट दुसरीकडे जाऊ नये म्हणून. 24 जानेवारी 2025 रोजी इथल्या निर्माणीत स्फोट झाला आणि 8 कामगार गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेही अडथळ्यापार जाणाऱ्या कणांच्या संशोधनाला! ती बातमी ऐकून एका निवृत्त कामगार मित्राने मला विचारलं, "शायरसाहेब, कण भिंतीतून पार होतात म्हणे. मग आपल्या भिंतींचा भरवसा काय?"

मी बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. पण प्रश्न टाळवेना.

गोष्ट सुरू होते 1928 साली. युरेनियमच्या अणुकेंद्रातून अल्फा कण बाहेर पडतात. पण केंद्राभोवतीचा ऊर्जेचा चढ ओलांडायची ताकद त्यांच्यात नसते. मग ते सुटतात कसे? जॉर्ज गॅमो यांनी, आणि स्वतंत्रपणे गर्नी व कॉन्डन यांनी, उत्तर दिलं : कण लाटेसारखाही वागतो. लाट अडथळ्यात शिरते, क्षीण होत जाते, तरी पलीकडे थोडी उरते. जेवढी उरते, तेवढी कण पलीकडे सापडण्याची शक्यता. यालाच टनेलिंग म्हणतात. बोगदा मात्र कुणी खणत नाही.

1957 साली जपानच्या लिओ इसाकी यांनी हाच चमत्कार अर्धवाहकात पाहिला. त्यांना 1973 साली नोबेल मिळालं. त्याच वर्षी त्यांनी राफेल त्सू यांच्यासह एकापाठोपाठ उभ्या असलेल्या अडथळ्यांचं गणित मांडलं.

आता गंमत पाहा. एका भिंतीतून हजारात एक कण जात असेल, तर दोन भिंतींतून दहा लाखांत एक जावा, असा आपला हिशेब. पण दोन भिंतींमधल्या जागेत लाट मागेपुढे आपटत राहते. झोपाळ्याला नेमक्या लयीत धक्का दिला की झोका वाढतो, तशी ठरावीक ऊर्जेची लाट तिथे बळावते. भिंती अगदी सारख्या असतील, तर त्या ऊर्जेचा कण, गणितानुसार, जवळजवळ बिनअडथळा पार होतो! 1974 साली चँग, इसाकी आणि त्सू यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या, काही नॅनोमीटर जाडीच्या थरात हे प्रयोगाने दाखवलं. ठरावीक विद्युतदाबाला प्रवाह वाढला, दाब आणखी वाढवताच उतरला.

टनेलिंग आपल्या महाराष्ट्रातही कामाला लागलं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आणि पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेने 2024 साली 6 क्यूबिटच्या क्वांटम प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. अतिवाहक मंडलांच्या अशा यंत्रात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या अतिपातळ थरातून अशाच पार होतात.

मित्राला सांगितलं, "हा खेळ इलेक्ट्रॉनसारख्या हलक्या कणांचा आणि नॅनोमीटरच्या भिंतींचा. जाडी नि वजन वाढलं की शक्यता पटीपटीने घटते. विटेची भिंत ओलांडायला धुळीच्या एका कणालाही विश्वाचं आयुष्य पुरणार नाही."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आपल्या भिंती पडल्या तर निसर्गावर ढकलता येणार नाही."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)