फिरकीचा तांब्या: प्रवासातल्या झाकणाचा इतिहास

फिरकीचा तांब्या म्हणजे आट्यांचे झाकण असलेला, प्रवासात पाणी नेण्यासाठी केलेला तांब्या. त्याचे पोट घरच्या तांब्यासारखेच गोल, पण मान आखूड आणि जाड असते. मानेला बाहेरून आटे पाडलेले असतात व झाकण त्यांवर फिरवून बसवतात. उचलायला वर कडी असते. काही तांब्यांच्या झाकणाखाली लहान पेलाही बसवलेला असतो. आजच्या भटक्यांच्या धातूच्या मगाला झाकण लागते ते चहा गरम राहावा म्हणून. फिरकीच्या तांब्याला ते लागले पाणी सांडू नये आणि दुसऱ्याचा हात लागू नये म्हणून. या दुसऱ्या कारणामुळेच ही वस्तू सुमारे शंभर वर्षे घरोघरी टिकली.

घरात पाण्याच्या भांड्याला वेगळे झाकण करण्याची रीत फारशी नव्हती. तांब्यावर फुलपात्र पालथे घातले की झाकण झाले, आणि तेच सुलटे केले की पाणी प्यायला भांडे झाले. घागरीवर ताटली, हंड्यावर परात पुरे. बसल्या जागी असलेल्या भांड्याला एवढे चालते. बैलगाडीत किंवा खांद्यावर मात्र चालत नाही. त्यासाठी पखाल आणि मशक होती, पण ती कातड्याची. सोवळे पाळणाऱ्या घरांत त्यातले पाणी पिण्याला चालत नसे. साधू-बैरागी भोपळ्याचा तुंबा किंवा कमंडलू बाळगत. मातीचे भांडे एकदा विटाळले की टाकून द्यावे लागे. तांबे-पितळ मात्र राखेने किंवा चिंचेने घासले की पुन्हा शुद्ध मानले जाई. त्यामुळे प्रवासाचे भांडे धातूचेच हवे आणि त्याचे तोंड बंद होणारे हवे, अशी दुहेरी गरज होती.

ही गरज मोठ्या प्रमाणावर पुढे आली ती रेल्वेमुळे. मुंबई-ठाणे गाडी १८५३ मध्ये सुरू झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५८ मध्ये पुण्याच्या पूर्वेला भीमाकाठच्या दौंडवरून दिकसाळपर्यंत रूळ नेले. १८६० मध्ये गाडी सोलापूरला पोचली आणि १८६३ मध्ये बोरघाट पार झाल्यावर मुंबई ते सोलापूर हा प्रवास सलग झाला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून दौंड-मनमाड लोहमार्ग बांधला गेला आणि १८७८ मध्ये तो सुरू झाला. सुमारे २३५ किलोमीटरच्या या मार्गाने कंपनीच्या दोन मुख्य वाटा जोडल्या. सोलापूरकडच्या माणसाला आता मुंबईकडे वळसा न घालता नगरवरून मनमाडला आणि तिथून पुढे प्रयाग-काशीला जाता येऊ लागले. दौंड जंक्शन झाले ते असे.

जंक्शन म्हणजे थांबणे. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. अलीकडे थेट वळणारी कॉर्ड लाइन झाल्यावर बऱ्याच गाड्यांना ती गरज उरली नाही. त्याआधी गाडी इथे बराच वेळ उभी राही. भरल्या उन्हाळ्यात या वेळात उतारूंचे पहिले काम म्हणजे तांब्या भरून घेणे. मान आखूड आणि तोंड हात आत जाईल इतके रुंद, त्यामुळे नळाखाली तांब्या झटपट भरे आणि घरी आल्यावर आतून घासताही येई. झाकण फिरवले की तांब्या बाकाखाली ठेवायला मोकळा.

स्टेशनवरचे पाणी सगळ्यांना सारखे मिळत नव्हते. रेल्वे स्थानकांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी अशी वेगळी सोय स्वातंत्र्यापर्यंत चालू होती. अस्पृश्य मानलेल्या माणसाला तर पाणी मिळण्याचीच खात्री नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात १९०१ चा प्रसंग नोंदवला आहे. लहान वयात भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला जाताना ते मसूर स्टेशनवर उतरले. पुढच्या बैलगाडीच्या प्रवासात डबा जवळ होता, पण अस्पृश्यतेमुळे प्यायला पाणी मिळाले नाही आणि मुले रात्रभर उपाशी राहिली. सवर्ण कुटुंबाचा झाकणबंद तांब्या आणि या मुलांची तहान एकाच व्यवस्थेतून आलेली होती. फिरकीने पाणी सांडण्यापासून वाचवले, तसा विटाळाचा नियमही रेल्वेच्या डब्यात चढवला.

हा तांब्या करणे एका माणसाचे काम नसे. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी या धंद्याचे मुख्य ठिकाण. तिथले त्वष्टा कासार पेशवाईत कोकणातून येऊन स्थिरावले. पेशवाई गेल्यावर शस्त्रे आणि नाण्यांशी निगडित कामे कमी होऊन घरगुती भांड्यांवर भर आला. एकोणिसाव्या शतकात युरोपातून तांब्या-पितळेचा तयार पत्रा येऊ लागला आणि धातू गाळून, ठोकून पत्रा करण्याचे कष्ट वाचले. कारागीर पत्र्याची चकती कातरून ती ठोकत ठोकत खोलगट करी. ठोकल्याने धातू कडक होतो, म्हणून मधूनमधून भट्टीत तापवून तो मऊ करावा लागे. खालचा आणि वरचा भाग वेगळा घडवून सवागी (टाकणखार) लावून झाळत. शेवटी गोलसर तोंडाच्या हातोडीने अंगभर मठार उठवत. मठारकामाने भांडे शोभिवंत दिसते, शिवाय पत्रा घट्ट होऊन चेपही लवकर पडत नाही.

मान आणि झाकण मात्र ठोकून होत नाही. आटे पाडायला जाड धातू लागतो, म्हणून हे भाग ओतून घेत आणि कातून त्यांवर आटे काढत. तांबे कातताना चिकटते, पितळ स्वच्छ कातले जाते. त्यामुळे तांब्याच्या धातूच्या भांड्यालाही मान आणि झाकण पितळेचे, असा दुरंगी तांब्या पुष्कळ दिसतो. हाताने काढलेल्या आट्यांची जोडी आपसातच जुळते. एका तांब्याचे झाकण दुसऱ्याला बसेलच असे नाही. त्यावर उपाय म्हणून भांड्यावर नाव घालताना ते तांब्यावर आणि झाकणावर असे दोन्हीकडे घालून घेत. टोच्याने ठिपक्या-ठिपक्यांत कोरलेले नाव, गाव आणि कधी साल पाहिले की भांडे कोणाचे, हे आजही कळते.

झाकण उघडायचेच नसेल तर दुसरी पद्धत होती. काशीहून आणायची गंगा लहान तांब्याच्या लोटीत भरून तोंडावर चकती बसवत आणि कडेने डाख लावून ती कायमची बंद करत. यात्रेहून परतल्यावर मावंद्याचे जेवण घालून गंगापूजन होई. एखादी लोटी देव्हाऱ्यात वर्षानुवर्षे तशीच राही आणि घरातल्या कोणाच्या अंतकाळी फोडली जाई. फिरकीचा तांब्या वाटेवरच्या पाण्यासाठी, डाख लावलेली लोटी घरी न्यायच्या पाण्यासाठी, अशी कामाची वाटणी होती.

ताक, दही, आमटी यांसाठी दोन्ही निरुपयोगी. आंबट पदार्थ पितळेत कळकतो. आतून कल्हई असेल तरच तो ठेवता येतो. कल्हई म्हणजे तापवलेल्या भांड्यात नवसागर टाकून कथलाचा पातळ थर कापसाने फिरवणे. हा थर झिजतो आणि वरचेवर काम करावे लागते. ही कटकट विसाव्या शतकात इनॅमल आणि ॲल्युमिनियमने कमी केली. इनॅमलचा मग लष्करातून, पोलिसांतून आणि रेल्वे कामगारांतून घरात आला. दौंड हे रेल्वे कामगारांचे गाव, आणि राज्य राखीव पोलीस दलाचे गटही तिथे आहेत. त्यामुळे कानाचा मग ही तिथे ओळखीची वस्तू. या मगांना बहुधा झाकण नसे. लागलेच तर पत्र्याचे डबे करणाऱ्याकडे मग नेऊन करून घ्यावे लागे. तो कर्कटकाने तोंडाचे माप घेई, त्याहून थोडी मोठी चकती कापून कड दुमडी, आत सैलसर बसेल अशी पट्टी डाख लावून जोडी आणि मधोमध तारेची कडी बसवी. पत्र्याच्या कामात मापाप्रमाणे एकच नग करणे परवडते.

स्टेनलेस स्टीलने हे बदलले. १९६० नंतर स्टीलची भांडी महाराष्ट्रातल्या बाजारात झपाट्याने पसरली. घराघरांतले तांबे-पितळ मोडीत गेले आणि त्या बदल्यात चकचकीत डबे आले. स्टीलला साधा डाख नीट धरत नाही. त्याची झाकणे साच्यात दाबून काढतात आणि ठरावीक मापांतच मिळतात. आपल्या मगाला झाकण हवे तर मग घेऊन दुकानात जायचे आणि तयार मालात जुळणारे शोधायचे. करून घेण्याची वस्तू विकत घेण्याची झाली. प्रवासात प्लॅस्टिकची वॉटरबॅग आणि नंतर बाटलीबंद पाणी आले. रेल्वेने २००३ मध्ये स्वतःचे 'रेल नीर' सुरू केल्यावर तर फलाटावरच्या नळाशी गर्दी आणखी ओसरली.

अलीकडे तांब्याच्या बाटल्यांना पुन्हा मागणी आली आहे. त्यांचे झाकण यंत्रावर काढलेल्या आट्यांचे असून आत रबरी चकती असते, त्यामुळे एका कंपनीच्या एकाच आकाराच्या बाटल्यांची झाकणे अदलाबदल करता येतात. जुन्या फिरकीच्या तांब्याला ही सोय नाही. जुन्या बाजारातून तो घेताना आधी झाकण पूर्ण फिरवून पाहावे, तांब्यात पाणी भरून तो काही वेळ आडवा ठेवावा आणि मानेचा जोड पाझरत नाही ना, हे तपासावे. मानेचा जोड कुशल तांबट आजही दुरुस्त करून देतो. हरवलेले झाकण नव्याने करून घ्यायचे तर ओतणे आणि कातणे दोन्ही एका नगासाठी करावे लागते, आणि त्याचा खर्च बहुधा तांब्याच्या किमतीहून जास्त होतो. म्हणून बिनझाकणाचा फिरकीचा तांब्या मोडीच्या दुकानात केवळ धातूच्या वजनावर विकला जातो.